राऊटचा क्रम

आज हिंजवडीत अख्खा दिवस एक्सप्रेसचे (नोडजेएसवर सर्व्हर लिहायचं फ्रेमवर्क) राऊट, म्हणजे कुठल्या पत्त्यावरची रिक्वेस्ट कुठला कोड हाताळेल याचे नियम, तपासण्यात गेला. समजा, पीएमपीच्या बसथांब्यांची माहिती इतर प्रोग्रॅमना देणारी एपीआय आहे. ‘/थांबे/:आयडी’ (कोलन असलेल्या भागात कुठलाही शब्द चालतो) आधी लिहिला आणि ‘/थांबे/जवळचे’ नंतर, तर स्वारगेटजवळचे थांबे मागणारी रिक्वेस्ट पहिल्याच राऊटमध्ये शिरते. ‘जवळचे’ हाच आयडी धरला जातो, डेटाबेसमध्ये काही सापडत नाही आणि हाती ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’. एक्सप्रेस वरून खाली बघतं, आधी जुळेल तो राऊट चालवतं. ठरलेल्या नावाचे राऊट वर घ्या, कोलनवाले खाली.

एरर हँडलर (चुका हाताळणारं फंक्शन) सगळ्यात शेवटी, चारही पॅरामीटरसकट: एरर, रिक्वेस्ट, रिस्पॉन्स आणि काम पुढे सोपवणारं ‘नेक्स्ट’. ‘नेक्स्ट’ वापरत नाही म्हणून गाळलात, तर एक्सप्रेस त्याला साधं मिडलवेअर (रिक्वेस्टच्या वाटेत मध्ये चालणारं फंक्शन) समजतं. ही चूक शोधायला फार जीव जातो! एक्सप्रेसची आवृत्ती ४ असेल तर असिंक (डेटाबेससारख्या कामाची वाट बघणाऱ्या) हँडलरमधली एरर स्वतः ‘नेक्स्ट’कडे द्या, नाहीतर क्लायंटला उत्तरच जात नाही. आवृत्ती ५ ते आपोआप करते.