एका फळीचा पसारा

बोर्ड म्हणजे फळी. मग बोर्डाची परीक्षा, बोर्डिंग पास, बोर्डिंग स्कूल आणि सुटाबुटातल्या मंडळींची बोर्ड मीटिंग, यांचा फळीशी संबंध काय?

आहे ना. जुन्या इंग्रजीतली ही फळी टेबलाला लागली आणि टेबलच बोर्ड झालं. त्यावर जेवण वाढलं, तर जेवणही बोर्ड. ‘बोर्ड अँड लॉजिंग’ म्हणजे जेवूनखाऊन राहायची सोय. म्हणजे बोर्डिंगातला मुलगा नावाप्रमाणे आधी जेवायला आलेला असतो, अभ्यासाचं मागाहून बघू! त्याच टेबलाभोवती कारभारी जमले की संचालक मंडळ. खुर्चीवरून चेअरमन, टेबलावरून बोर्ड. कारभाराला निम्मे शब्द सुतारानेच पुरवलेले दिसतात. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर दिसत राहिले, तर सगळं ‘अबव्ह बोर्ड’. कप मांडायच्या उघड्या फळीला पुढे दारं लागली, उच्चारातला ‘प’ गळाला आणि कबर्ड तयार झालं.

विमानात चढतानाचं बोर्डिंग मात्र जेवणाचं नव्हे. ते आलं जहाजावरून. तिथे बोर्ड म्हणजे जहाजाची बाजू. तिच्यावरून पाण्यात पडला तो ‘ओव्हरबोर्ड’. जुन्या जहाजांना मागे मधोमध सुकाणू नसे. उजव्या अंगाला एक रुंद वल्हं बांधलेलं असे आणि त्यानेच जहाज वळवायचं, कारण बहुतेक माणसं उजव्या हाताची. म्हणून उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’. यातल्या ‘स्टार’चा ताऱ्याशी काडीचा संबंध नाही, ते मुळातलं ‘स्टिअर’. धक्क्याला लागताना वल्हं चिरडू नये म्हणून जहाज डाव्या अंगाने लावत. ही डावी बाजू ‘लारबोर्ड’. आता भर वादळात कुणी ‘स्टारबोर्ड’ ओरडलं की ‘लारबोर्ड’, हे कळायचं कसं? अखेर 1844 मध्ये ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून डाव्या बाजूला ‘पोर्ट’ म्हणायला लावलं.

आपली फळी इतकी फिरली नाही. पण अगदीच घरकोंबडी म्हणावी, तर तसंही नाही. राजकारणात ती उभी राहते, फुटते. आणि क्रिकेटमध्ये मधली फळी ज्या सातत्याने कोसळते, ते त्या इंग्रजी बोर्डाला सात जन्मांत जमायचं नाही.