माझा अनुभव: एकूण जुळलं, कण जुळले नाहीत

एमएस्सीच्या प्रबंधाला मी विषय घेतला हवामान मॉडेलमधल्या एरोसोलचा, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचा. मॉडेल हे कण आमच्या नाशिकवर कितपत खरे दाखवतं, ते तपासायचं. वाटलं होतं, मॉडेलचे आणि उपग्रहाचे आकडे शेजारी मांडले की झालं. वर्ष गेलं त्यात.

एरोनेट म्हणजे जमिनीवरून कण मोजणाऱ्या केंद्रांचं जगभरचं जाळं. नाशिकला त्याचं केंद्र नाही, म्हणून जमिनीवरची मापं पुण्याची घेतली आणि नाशिकसाठी मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाची. मॉडेलचा चौकोन एक अंशाचा, शंभरेक किलोमीटरचा. धो धो पावसाचं त्र्यंबक आणि कोरडं निफाड एकाच आकड्यात!

पहिली चूक पावसाळ्यात झाली. एओडी म्हणजे कणांमुळे ऊन किती अडतं त्याचं माप. ऑगस्टमध्ये मॉडेलची एओडी मोडिसच्या कितीतरी वर. दोन आठवडे मी मॉडेलमध्ये दोष शोधत बसले. दोष माझ्या सरासरीत होता. मोडिसला ढगांखालचं दिसत नाही. ढग फाटले तरच मोजणार, तेही टेरा उपग्रहावरून सकाळी आणि अ‍ॅक्वा उपग्रहावरून दुपारी. मी मात्र मॉडेलचे सगळे तास धरले होते, ढगाळ, दमट, रात्रीचेसुद्धा. सल्फेटचे, मिठाचे कण दमट हवेत पाणी पिऊन फुगतात आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर गेली की फारच झपाट्याने. मग मैत्रिणीची हार्ड डिस्क आणून दर तीन तासांचे आकडे उतरवले आणि जिथे निरीक्षण आहे तेवढेच तास ठेवले. तफावत बरीच ओसरली.

डिसेंबरचा आलेख तर सुरेख जुळला. आनंदाने सरांकडे घेऊन गेले. ते म्हणाले, "जुळलं खरं. पण कशाने जुळलं ते दाखव." आणि हातात मावणारा सन फोटोमीटर दिला, पोचणारं ऊन मोजून एओडी काढणारा.

पंचवटीतल्या आमच्या गच्चीवर रोज दहाला उभी राहायचे. सूर्याचा ठिपका फुलीच्या बरोबर मध्यावर आणायचा, हात हलू द्यायचा नाही. "अगं, किती वेळ उन्हाकडे तोंड करून उभी राहणार?" आई विचारायची. गोदाकाठावर शेकोट्यांचा धूर अजून खाली बसलेला असायचा. माझ्या मापांत कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त अडत होता, लांब तरंगलांबीचा खूप कमी. हे बारीक कणांचं, धुराचं लक्षण. पुण्याच्या केंद्राचे ४४० आणि ८७० नॅनोमीटरचे आकडे तेच सांगत होते. मॉडेलमध्ये मात्र दोन्ही जवळजवळ सारखेच अडत होते, म्हणजे जाडी धूळ. धूळ जास्त, धूर कमी, बेरीज बरोबर!

या बेरजेवर समाधान मानता येत नाही. सल्फेट ऊन परतवतं, धुरातली काजळी ते शोषून हवा तापवते. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या सहाव्या अहवालात १७५० ते २०१९ मधला एरोसोलचा परिणाम उणे १.१ वॅट प्रति चौरस मीटर (उणे म्हणजे थंडावा) दिला आहे, पण पल्ला उणे १.७ ते उणे ०.४ इतका रुंद. कणांची वाटणी चुकली तर मॉडेल तापमान बरोबर सांगूनही पावसाबद्दल फसवेल, याची मला खरोखर काळजी वाटते.

प्रबंधात डिसेंबरच्या आलेखाखाली मी लिहिलं: "एओडी जुळते, कण जुळत नाहीत." आता मॉडेलला दिलेली धुराची नोंद तपासते आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांच्या बांधावर पेटवलेल्या काड्या, पहाटेच्या शेकोट्या, अशा छोट्या आगी उपग्रहाच्या नजरेतून सुटतात. मखमलाबादच्या वाटेवरच्या बागांपासून सुरुवात केली आहे.