माजलगावच्या पाण्यासाठी उचलतं सुकाणू : पातं झालं, बांधणी चालू

माझ्या शिडाच्या होडीच्या सुकाणूचं पातं एकदाचं घासून झालं. १२ मिमीच्या मरीन प्लायचे दोन तुकडे इपॉक्सीने चिकटवले, जाडी २४ मिमी, रुंदी २० सेंमी. म्हणजे बरोबर १२ टक्के, छेद नाका ००१२ (NACA 0012, दोन्ही बाजूंनी सारखा फुगीर असा पंखांसाठीचा ठरलेला आकार; शेवटचे १२ म्हणजे रुंदीच्या १२ टक्के जाडी). सगळ्यात जाड भाग पुढच्या धारेपासून ६ सेंमीवर. रंधा मारताना प्लायच्या थरांमधल्या रेघा उघड्या पडतात. त्या सरळ धावल्या तर आकार बरोबर. रेघ पोटाला सुटली की तिथे रंधा जास्त बसलाय. पुठ्ठ्याच्या साच्यापेक्षा माझा या रेघांवर भरवसा जास्त. मागची धार २ मिमीवर चौकोनी कापली.

सपाट फळीनेही होडी वळते, पण कोन जरा वाढवला की पाणी पात्यापासून सुटतं आणि सुकाणूचा नुसता ब्रेक होतो. गोल धारेने ते लांबतं.

खरी डोकेदुखी पातं वर उचलायच्या बिजागरीची. सिंदफणा नदीचं पाणी उतरायला लागलं की माजलगाव धरणाच्या बॅकवॉटरला बाभळीची खोडं आणि मोटारींचे पाइप अगदी वरवर येतात, त्यात तंगुसाची जाळी. थर्माकोलच्या तराफ्यावरचे एक भोईकाका पातं बघून पहिलं हेच म्हणाले, "हे वर उचलतंय का भाऊ? नाहीतर माझं जाळं गेलं म्हणा की."

उचलतं, पण अर्धवट उचललेलं पातं हात मोडतं. हिशोब बघा. पाण्याचा जोर पुढच्या धारेपासून साधारण पाव रुंदीवर, म्हणजे ५ सेंमीवर येतो. मी ३ सेंमी रुंदी वळणाच्या अक्षाच्या पुढे काढली आहे, म्हणून पातं उभं असताना जोर अक्षामागे फक्त २ सेंमी. सुकाणू फिरवायचा हातातला दांडा हलका, तरी हाताला पाणी कळतं. आता हा जोर, पातं ज्याभोवती वर उचललं जातं त्या बोल्टखाली ४० सेंमीवर धरा. पातं १५ अंश मागे सरकलं की तो आणखी १० सेंमी मागे जातो. २ चे १२ झाले! दांडा सहापट जड, आणि आपण शिडाला दोष देत बसतो.

म्हणून पातं खाली धरून ठेवायला नुसती रबरी दोरी मला पटत नाही. वाऱ्याने वेग धरला की ती ताणते आणि पातं हळूच मागे जातं. मी न ताणणारी दोरी ओढून बांधतोय आणि तिच्यात मुद्दाम एक कच्चा दुवा ठेवतोय. खोड लागलं की दुवा तुटेल, पातं वाचेल. प्लाय तरंगतं, त्यामुळे टोकाजवळ शिसंही ओतावं लागणार.

कयाकला हे सगळं कमी लागतं. तिथे सुकाणू वळण्यापेक्षा आडव्या वाऱ्यात नाक वाऱ्याकडे फिरू नये म्हणून. अरुंद पातं पुरतं.

कच्चा दुवा सुतळीचा की केबल टायचा? सुतळी ओली राहून कुजते, टाय आपल्या उन्हात कडक होऊन अवेळी तुटतो. सध्या टाय लावलाय, जास्तीचे खिशात.