दहा बाय सोळाच्या खोलीत चौथा वाढदिवस

परळला माझ्या धाकट्या बहिणीची खोली दहा बाय सोळाची आहे. मोरी आत, संडास गॅलरीच्या टोकाला. त्यात ती, तिचा नवरा, सासूबाई आणि माझी भाची अशी चार माणसं राहतात. वर पोटमाळा आहे, पण तो गणपतीचं मखर, पाहुण्यांच्या गाद्या, सासूबाईंची पितळी भांडी आणि भाचीच्या खेळण्यांनी भरलेला. एकदा खेळणं माळ्यावर गेलं की ते भाचीच्या लेखी संपलं, कारण रोज शिडी लावून काढणार कोण? खाली ठेवलं तर रात्री अंथरुणं घालायच्या आधी कुणीतरी वाकून वाकून सगळं गोळा करायचं. ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा माझी बहीणच, ऑफिसमधून येऊन स्वयंपाक आवरल्यावर.

जूनमध्ये भाचीला चार वर्षं पूर्ण होणार होती. बहिणीने आधीच फोन केला. "दादा, जेवायलाच ये. पण काही आणू नकोस. आणलंसच तर जागा अडणार नाही असं आण." आमच्या आईचं म्हणणं वेगळं. मामाने भाचीच्या वाढदिवसाला हात हलवत जायचं म्हणजे काय! पाकिटात पाचशे एक घालून दे, म्हणाली. मला दोघींचंही पटत होतं. त्या दिवशी मुलीच्या हातात मामाकडून काहीतरी पडायलाच हवं, आणि त्याचा भार तिच्या आईवर पडायला नको. पैशांची मर्यादा मी पाचशेच ठेवली. जून म्हणजे माझ्याही घरी वह्या, पुस्तकं, गणवेश, रेनकोट सगळं एकदम येतं.

ऑफिस सुटल्यावर आधी क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत फिरून आलो. पाचशेत तिथे पिशवी भरून खेळणी येतात, अडचण तीच होती. बंब, बाहुली, डॉक्टरचा सेट, दिवे लागणारी आणि गाणी म्हणणारी गाडी. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआयची खूण बंधनकारक आहे, तरी रस्त्यावरच्या ढिगात ती नसलेला माल सर्रास दिसतो. मी दुकानदाराला खूण विचारून घेत होतो आणि सोबत बॅटरीचं झाकणही बघत होतो. बटणासारखी चपटी बॅटरी असलेलं खेळणं लहान मुलाच्या घरात मला नकोच वाटतं. ती गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत आतून भाजायला लागते. झाकण स्क्रूने घट्ट बंद नसेल तर असं खेळणं फुकट मिळालं तरी घेऊ नये, हे मी सगळ्यांना सांगतो.

रिकाम्या हाताने परतलो आणि बहिणीच्या सासूबाईंना फोन लावला. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. भेट मुलाला द्यायची असली तरी विचारायचं त्याला, जो दिवसभर मुलाजवळ असतो. आईवडील दोघंही कामावर, पाळणाघर परवडत नाही, तेव्हा भाची दुपारभर आजीच्या हाताखाली. मी विचारलं, "काकू, ती दिवसभर काय करते? कशात रमते?" काकूंना विचार करावा लागला नाही. "अहो, मी पोळ्या करायला बसले की कणकेचा गोळा मागते. त्याचे साप करते, लाडू करते, परत मोडते. तासभर हू का चू नाही. पण रोज एवढी कणीक कुठून देऊ? शेवटी काळी होते, टाकून द्यावी लागते, अन्न टाकायला जीव होत नाही."

त्या एका उत्तराने माझं काम झालं. मळायला, मोडायला आणि परत करायला काहीतरी हवं होतं, तेही अन्न नसलेलं. दुकानात रंगीत क्ले मिळतो, पण उघडा राहिला की वाळतो आणि रंग एकमेकांत मिसळून सगळा मातकट होतो. मग लक्षात आलं की मातीच हवी असेल तर बहिणीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ती पोत्यांनी येऊन पडलेली असते. लालबाग-परळच्या मूर्तिशाळांत त्या दिवसांत गणपतीचं काम जोरात असतं आणि शाडूच्या मूर्ती करणाऱ्यांकडे शाडूची माती.

एका कारखान्यात मी शनिवारी गेलो. ताडपत्रीखाली फळ्यांवर हातभर उंचीच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या, अजून रंग न चढलेल्या, करड्या. मूर्तिकार काका सोंडेवरून ओला ब्रश फिरवत होते. मी म्हटलं, चार वर्षांच्या मुलीला खेळायला थोडी माती विकत द्याल का? त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि आधी मलाच शिकवलं. ही माती गुजरातेतून येते, कोरडी, पिठासारखी. लहान मुलाच्या हातात कोरडी द्यायची नाही, धूळ नाकातोंडात जाते. मोठ्या माणसाने आदल्या रात्री पाण्यात भिजवायची, सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं आणि कणकेसारखी मळायची. हाताला चिकटेनाशी झाली की झाली. मळलेला गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात झाकून ठेवायचा. केलेली वस्तू वाळून तडकली तर फेकायची नाही, तीच परत भिजत घालायची. "कितीही वेळा मोडा," ते म्हणाले, "मातीला काही होत नाही."

त्यांनी तयार मळलेला एक गोळाच माझ्या हातावर ठेवला. मी अंगठ्याने दाबून पाहिला. थंड, गुळगुळीत, लोण्यासारखा दबणारा, आणि दाबलेल्या जागी अंगठ्याच्या रेषा जशाच्या तशा उठलेल्या. दुकानातल्या कुठल्याही खेळण्याने मला इतकी खात्री दिली नव्हती. तो गोळा आणि वर तीन किलो कोरडी माती घेतली. दीडशेच्या आत काम झालं. मोरीत मातीचं पाणी ओतू नका, खाली गाळ बसून नळी तुंबते, कुंडीत ओता, हेही त्यांनीच निघताना सांगितलं. चाळीत राहणाऱ्याला ही सूचना किती मोलाची आहे ते कळेल.

माती द्यायची कशात, हा प्रश्न उरला. त्यासाठी नवा प्लॅस्टिकचा डबा घेतला असता तर बहिणीच्या घरात एक डबा वाढला असता. तिला विचारलं तर म्हणाली, संक्रांतीच्या वाणात आलेले डबे पडून आहेत, त्यातला एक घे. हळदीकुंकवाला लुटलेल्या वस्तूंनी घरं कशी भरतात ते सगळ्याच बायकांना ठाऊक असतं. त्यातलाच घट्ट झाकणाचा एक डबा कामी आला. आत ओलं फडकं, जुनं लाटणं (काकूंनी आपणहून दिलं), आइस्क्रीमच्या काड्या आणि जुना कंगवा. कंगवा टेकवला की मातीवर फार सुंदर रेघा उठतात. वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल दोरा बांधला.

उरलेल्या पैशांत मला तिला राणीच्या बागेत, म्हणजे भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयात न्यायचं होतं. मात्र चार वर्षांच्या मुलाला "पुढच्या रविवारी नेईन" म्हणजे काहीच नाही दिल्यासारखं असतं. त्याला आज हातात धरायला काहीतरी लागतं. म्हणून पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर पेंग्विन काढला, खाली मोठ्या अक्षरांत "मामाबरोबर राणीची बाग" लिहिलं आणि कोपऱ्यात तिकिटाला असतं तसं पंचिंगचं भोक पाडलं. काकूंच्या भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये त्या रविवारी लाल गोल केला. रोज सकाळी एक चौकोन खोडायचं काम भाचीकडे दिलं. काकू सांगत होत्या की दात घासायच्या आधी ती कॅलेंडरखाली उभी राहायची. वाट बघण्यातली ही मजा मला फार मोठी भेट वाटते, आणि तिला पेन्सिलीपलीकडे खर्च नाही.

सहलीचा हिशेबही सांगतो, कारण अनेकांना वाटतं की मुंबईत मुलाला बाहेर नेणं म्हणजे मॉल आणि हजार रुपये. परळहून धीम्या लोकलने करी रोड, चिंचपोकळी, मग भायखळा. पाच वर्षांखालच्या मुलाला लोकलचं तिकीट लागत नाही. भायखळ्याला पूर्वेला उतरून चालत गेलो. बागेचं तिकीट मोठ्या माणसाला ५० रुपये, तीन ते बारा वर्षांच्या मुलाला २५. बुधवारी बाग बंद असते, ते आधी लक्षात ठेवावं. पेंग्विन २०१७ पासून लोकांना बघायला मिळतात. ते काचेआड, थंड केलेल्या जागेत आहेत, त्यामुळे पाऊस आला तरी अडत नाही. भाची पेंग्विनसमोर थोडा वेळ उभी राहिली आणि मग मला ओढत बाहेर घेऊन आली ती भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारच्या दगडी हत्तीकडे. हा घारापुरीचा हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रजांच्या काळात बेटावरून हलवताना तो फुटला आणि नंतर तुकडे जोडून इथे उभा केला. सांधे अजून दिसतात. मी तिला ते दाखवले. तिने हत्तीकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "कुणी जोडला? ओली माती लावली का?" घरून नेलेली पोळीभाजी खाल्ली, तिथे सुगरणीच्या खोप्यासारखं काहीतरी शोधत झाडांखाली फिरलो आणि परत आलो.

बाकीच्या नातेवाइकांचं काय करायचं, हा भाग अवघड होता. लग्नपत्रिकेत "कृपया आहेर आणू नये" छापतात, ते लोक मानतात. लहान मुलाच्या वाढदिवसाला तसं म्हटलं तर आत्या, काकी दुखावतात. बहिणीने वेगळी वाट काढली. जो विचारेल त्याला ती नेमकी वस्तू सांगायची. आत्येने शाळेसाठी गमबूट घेतले, एक माप मोठे, म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालतील. शेजारच्या वहिनींनी तेलखडूचा डबा आणि पाठकोरे कागद दिले. मेहुण्यांच्या मित्राने प्रथम बुक्सची दोन पातळ मराठी पुस्तकं आणली. ही पुस्तकं स्वस्त असतात, उशीखाली मावतात, आणि वाचून पाठ झाली की गॅलरीतल्या दुसऱ्या घरी जातात. त्या मजल्यावर पुस्तकं अशीच फिरत असतात. विचारायचं कसं, असा संकोच आपल्याकडे फार असतो. पण माझा अनुभव असा की नेमकं सांगितलं तर देणाऱ्यालाच सुटल्यासारखं वाटतं.

पाकिटं तरीही आली, एक रुपयाचं नाणं चिकटवलेली. एकशे एक, दोनशे एक, आमच्या आईचं पाचशे एक. हे पैसे घरखर्चात विरघळून जातात, म्हणून मी बहिणीला पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं उघडायला लावलं. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत आईवडील किंवा कायदेशीर पालकच ते उघडू शकतात, मामाला किंवा आजीला नाही. मुलीचा जन्मदाखला आणि पालकाचं पॅन, आधार लागतं. वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात, त्यापुढे ५० च्या पटीत, आणि जास्तीत जास्त दीड लाख. पैसे पंधरा वर्षं भरायचे, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी पूर्ण होतं. ज्यांच्या हाताला महिन्याला फारसं काही उरत नाही त्यांच्यासाठी २५० ची ही अट मला फार माणुसकीची वाटते. वाढदिवस, दिवाळी आणि भाऊबीजेची पाकिटं मिळून ती सहज भागते. आईला पासबुक दाखवलं, तेव्हा तिने आपल्या पाचशेची नोंद बोट ठेवून वाचली. पुढच्या वर्षीही पाकीटच देणार म्हणाली.

वाढदिवसाला आलेल्या मुलांना राजगिऱ्याची चिक्की आणि एकेक पेरू दिला. रिटर्न गिफ्टचा प्रश्न तेवढ्यात मिटला. कुठल्याही मुलाने तक्रार केली नाही.

मातीचं सांगायचं तर ती दुपारी गॅलरीत गोणपाटावर चालते. पहिले काही दिवस नुसते साप आणि लाडू झाले. बागेतून आल्यावर मात्र भाचीने हत्ती करायला घेतला. सोंड सारखी गळून पडायची. काकूंनी तिला पाण्याचं बोट फिरवून सांधा कसा लिंपायचा ते दाखवलं. काकूंचं माहेर पेणजवळचं, लहानपणी त्यांनी हे पाहिलेलं, आणि इतकी वर्षं त्या घरात कुणाला ते माहीतही नव्हतं. आता शेजारची दोन मुलं येऊन बसतात. संध्याकाळी सगळं मोडून एक गोळा करायचा, फडक्यात गुंडाळायचा आणि डबा मोरीच्या फळीवर. खोलीत त्याने अडवलेली जागा तेवढीच.

दिवाळीला चाळीच्या चौकात मुलं किल्ला करतात. भाचीची माती त्यात घालायची असं मोठ्या मुलांनी ठरवलंय आणि बुरुजांवर हळीव पेरायचं काम तिला दिलंय. मी मावळे घेऊन येऊ का विचारलं, तर बहिणीने लगेच सांगितलं, "नको दादा, तळमजल्यावरच्यांकडे पिशवीभर आहेत. तू हळीव घेऊन ये, आणि जमलं तर गेरूही."