सोंगाड्याच्या हाती पैसा आला तेव्हा

‘डेडपूल’ या सुपरहिरोच्या विनोदी चित्रपटाची खरी गंमत त्याच्या पैशाच्या चणचणीत आहे, असे माझे जुने मत आहे आणि त्याचा दुसरा भाग पाहिल्यापासून ते अधिकच पक्के झाले आहे. चणचण हा शब्द अर्थात हॉलिवूडच्या मापाने घ्यायचा. २०१६ साली आलेला पहिला भाग सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलरमध्ये तयार झाला, आणि तेवढ्या रकमेत आमच्या कोल्हापुरातल्या एखाद्या निर्मात्याच्या दोन पिढ्या मराठी चित्रपट काढत बसल्या असत्या. पण सुपरहिरोंच्या दुनियेत तो आकडा गरिबाघरच्या लग्नाच्या खर्चाइतकाच मानला जातो. ऐन वेळी अंदाजपत्रकाला कात्री लागली, शेवटच्या मारामारीतला बंदुकांचा मोठा धुमाकूळ परवडेनासा झाला, तेव्हा पटकथाकारांनी काय करावे? डेडपूल आपली शस्त्रांची पिशवी टॅक्सीतच विसरतो आणि टॅक्सी निघून जाते. प्रेक्षक हसतो, नायकाचा वेंधळेपणा अंगभूत आहे असे मानतो आणि निर्मात्याचा खर्च वाचतो. त्याआधी पुलावरच्या प्रसंगात त्याच्याजवळ फक्त बारा गोळ्या असतात आणि त्या मोजून वापराव्या लागतात, त्यामुळे वाया गेलेली प्रत्येक गोळी आपल्यालाही चुटपुट लावते. हाती अमर्याद दारूगोळा असता तर तिथे नुसता आवाज झाला असता.

माझ्या भाच्याला हे मत मुळीच मान्य नाही. तो शिवाजी विद्यापीठात शिकतो आणि चित्रपटांच्या बाबतीत माझ्यापेक्षा पुष्कळ अधिक जाणतो, निदान त्याची तशी खात्री आहे. रंकाळ्यावर फिरताना मी हा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला, “मामा, पहिला बराच हाय की, पण दुसरा म्हंजे नाद खुळा!” कोल्हापुरात एकदा ‘नाद खुळा’ म्हटले की तो निकाल समजायचा, त्यावर अपील नसते. तरीही मी अपील केले.

माझे म्हणणे असे की, डेडपूल हा मुळात सोंगाड्या आहे, गोष्ट मध्येच सोडून तो थेट प्रेक्षकांशी बोलतो. ज्यांनी गावच्या जत्रेत रात्र जागवून वग पाहिला आहे, त्यांना पात्राने मध्येच प्रेक्षकांकडे वळून बोलण्याचे नवल वाटत नाही. सोंगाड्या राजाची टर उडवतो, फडाच्या मालकाची उडवतो आणि पुढे बसलेल्या पाटलाचीही उडवतो. फडाजवळ महाल नसतो, घोडा नसतो. पात्रे रंगमंचावर एक फेरी मारतात आणि दुसऱ्या गावी पोचल्याचे जाहीर करतात. जे नाही त्यावरच सोंगाड्या बोट ठेवतो आणि ती उणीवच हशा मिळवून देते. पहिल्या ‘डेडपूल’मध्ये नेमके हेच घडते. एक्स-मेन या सुपरहिरोंच्या टोळीच्या प्रचंड वाड्यावर तो जातो, तिथे त्याला कोलॉसस आणि नेगासॉनिक ही दोनच पात्रे भेटतात, आणि स्टुडिओला तिसरे परवडले नसावे, असे तो उघड बोलून दाखवतो. श्रेयनामावलीत निर्मात्यांना शिव्या आणि लेखकांना मात्र ‘खरे नायक’ अशी पदवी देण्याचा आगाऊपणाही त्याच जातीचा. शेवटची नावे संपल्यावर तो अंगात झगा घालून येतो, इतर मार्व्हल चित्रपटांच्या शेवटी येतो तसा डोळ्याला पट्टी बांधलेला सॅम्युअल जॅक्सन बोलवायला पैसे नाहीत असे सांगतो आणि लोकांना घरी पिटाळतो.

ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सहकाऱ्यांच्या साथीने कॅमेरा स्वतःच तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, तिथल्या माणसाला ही काटकसरीतली कल्पकता आपली वाटली तर त्यात आश्चर्य नाही. भाच्याने यावर “तुमचं सगळं फिरून पेंटरांवर येतंय” असा शेरा मारला. तो अगदीच खोटा नव्हता.

आता २०१८ चा दुसरा भाग घ्या. पहिल्याने जगभरात ७८ कोटी डॉलर कमावले होते, त्यामुळे या वेळी खर्चाची रक्कम ११ कोटींच्या घरात गेली. दिग्दर्शकही बदलला, टिम मिलर यांच्या जागी डेव्हिड लीच आले, ते मूळचे स्टंटमन असल्याने मारामाऱ्या अधिक सफाईदार झाल्या, एवढे मान्य केले पाहिजे. मी तो हिंदीत पाहिला, रणवीर सिंगच्या आवाजात, आणि त्या अखंड बडबडीला तो आवाज शोभूनही दिसला. गंमत म्हणजे, या भागाला आपल्या हाती पैसा आल्याची पुरती जाणीव आहे. वाड्यावर पुन्हा कोणीच कसे दिसत नाही, अशी तक्रार डेडपूल करत असतो आणि त्याच्या पाठीमागच्या खोलीत एक्स-मेनचा सगळा गोतावळा बसलेला असतो. त्यातला एक जण हळूच दार लोटून घेतो. जुन्या विनोदाला दिलेले हे उत्तर मला मनापासून आवडले. त्याहून आवडला तो एक्स-फोर्सचा प्रसंग. मुलाखती घेऊन एक पथक जमवायचे, जाहिरातींत त्याला मिरवायचे, विमानातून उड्या मारायला लावायचे आणि वाऱ्याच्या तडाख्यात दोन-चार मिनिटांत जवळपास सगळ्यांना ठार करायचे! त्यातला अदृश्य गडी विजेच्या तारांना चिकटतो तेव्हा क्षणभर चेहरा दिसतो, तो चक्क ब्रॅड पिटचा. एवढा महागडा नट डोळ्याचे पाते लवेपर्यंत दाखवून फेकून देण्याची ही उधळपट्टीही सोंगाड्यालाच सुचू शकते. सुटे विनोद मोजायचे ठरवले तर भाचा जिंकतो, हे मी त्याला तिथेच सांगितले.

पण वग सुट्या विनोदांवर उभा राहत नाही. पहिल्या भागाचे कथानक एका ओळीत मावते: कर्करोग झालेल्या माणसाला बरे करण्याच्या नावाखाली विद्रूप करण्यात आले, आणि तो ज्याने हे केले त्याला शोधतो आहे, कारण प्रेयसीसमोर जायला त्याला तोंड उरलेले नाही. सगळा वात्रटपणा त्या एका सलावर पांघरूण घालण्यासाठी असतो, म्हणून तो लागतो. दुसऱ्या भागात ती प्रेयसी, व्हॅनेसा, सुरुवातीलाच मारली जाते, नायकाला दुःख हवे एवढ्यासाठीच. मग भविष्यातून आलेला केबल नावाचा योद्धा, अनाथाश्रमात छळ सोसलेला रसेल हा मुलगा, कुटुंब म्हणजे काय यावरची भाषणे, अशी भर पडत जाते. सोंगाड्याला राजाची वस्त्रे चढवून रडायला बसवल्यासारखे ते वाटते. लेखकांना हे कळत नाही असे नाही. व्हॅनेसाच्या मृत्यूनंतरच्या श्रेयनामावलीतच तिला खरोखर मारले की काय, असे आश्चर्य व्यक्त केले आहे, आणि पुढे एका सोयीस्कर वळणावर डेडपूल हे आळशी लेखन असल्याचे स्वतःच म्हणतो. इथे माझे आणि भाच्याचे खरे भांडण झाले. त्याच्या मते ते बोलून दाखवणे हाच विनोद. मला वाटते, पैसा नाही हे कबूल करणे वेगळे आणि कष्ट घेतले नाहीत हे कबूल करणे वेगळे. पहिल्या कबुलीत लाचारीवर मात असते. दुसरीत नुसती पळवाट.

टॅक्सीवाल्या डोपिंदरवर मात्र आमचे एकमत झाले. पहिल्या भागात त्याच्या गाडीत ‘मेरा जूता है जपानी’ वाजते आणि दुसऱ्यात ‘स्वदेस’मधले गाणे, त्यामुळे तो दोन्ही वेळा घरचाच वाटतो.

दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी डेडपूल काळात मागे जाऊन चुका दुरुस्त करत सुटतो. व्हॅनेसाला वाचवतो, २००९ सालच्या एका एक्स-मेन चित्रपटात आलेल्या त्याच्याच बिघडलेल्या रूपाला गोळ्या घालतो, आणि ‘ग्रीन लँटर्न’ या फसलेल्या सुपरहिरो चित्रपटाची संहिता हातात घेतलेल्या रायन रेनॉल्ड्सला, म्हणजे डेडपूलचे काम करणाऱ्या नटालाही सोडत नाही. दोन तासांचे दुःख असे दोन मिनिटांत पुसले जाते, तेव्हा मघाशी आपण कशासाठी गंभीर झालो होतो, असा प्रश्न मला पडला. एक्स-फोर्सपैकी मात्र तो परत जाऊन एकट्या पीटरला वाचवतो. कसलीही शक्ती नसलेला, जाहिरात वाचून आलेला हा मिशीवाला साधा गृहस्थ. एवढी एक दुरुस्ती मला पूर्ण मंजूर आहे. भाच्याच्या मते ब्रॅड पिटलाही वाचवायला हवे होते.