शिमगा ते मिरग: परसातली फुलझाडं सांभाळताना

शिमगा आटोपला की आमच्या वेंगुर्ल्याकडे रोपवाल्यांचे टेम्पो वाडीवाडीत फिरू लागतात. वीतभर पिशवीत डवरलेला गुलाब, चकचकीत पानांची जास्वंद. मी बघते, भाव विचारते आणि परत पाठवते. आमच्याकडे वसंत हा लावणीचा ऋतूच नव्हे. जांभ्याची माती पाणी धरत नाही, खाली कातळ, समुद्रावरून खारा वारा, आणि मे उजाडेपर्यंत विहिरीचं पाणी तळाला जाऊन मचूळ लागायला लागतं. नवं रोप मुळं धरणार कधी? लग्न होऊन आले तेव्हा शेजारच्या काकीनेच बजावलं होतं, "गो बाय, आता खयची झाडां लावतस? मिरग येवंदे." मिरग म्हणजे मृग नक्षत्र, पावसाची सुरुवात.

मग या दिवसांत काम काय? आहे ते जगवायचं, त्याची फुलं घ्यायची आणि मिरगाची तयारी करायची.

सगळ्यात जास्त जीव लावावा लागतो तो मोगऱ्याला. त्याची सुरुवात मात्र संक्रांतीनंतरच होते. आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. पानं मलूल होऊन गळायला लागली की बुंध्याजवळची माती खुरप्याने हलकेच ओढून मुळं थोडी उघडी करायची आणि दोन-चार दिवस ऊन खाऊ द्यायचं. मग छाटणी: गुडघ्याच्या खाली, धारदार कात्रीने, डोळ्याच्या, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा वर तिरका काप. वाळकी, एकमेकांत गुंतलेली काडी बुडातून काढायची, उरलेली जुनी पानंही ओरबाडून टाकायची. झाड अगदी खराट्यासारखं दिसतं. आमच्या सासूबाई दरवर्षी हळहळतात. त्यानंतर कुजलेलं शेणखत, मूठभर नीमपेंड, मातीची भर आणि भरपूर पाणी. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या शेंड्यालाच येते, म्हणून एवढी कठोर छाटणी. मार्चमध्ये कळ्या धरतात आणि पाऊस येईपर्यंत फुलांचे बहर येत राहतात. एक बहर ओसरला की ते शेंडे खुडायचे, म्हणजे पुढचा फुटवा लवकर निघतो.

तोवर बाजारात सुरंगीच्या सुवासिक फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, आलेले असतात. सुरंगी परसात लावायचं झाड नाही, फार मोठं होतं आणि फुलायला वर्षानुवर्षं घेतं. तिची हौस विकतच्या वळेसरावर भागवावी.

उन्हाळ्यातलं दुसरं काम पातेऱ्याचं, म्हणजे वाळक्या पाल्याचं. आंब्याचा, काजूचा झडलेला पातेरा बरेच लोक जाळून टाकतात. मला ते बघवत नाही. मी तो प्रत्येक आळ्यात जाड पसरते. सोनचाफ्याच्या भोवती चर मारून नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं), पोकळ बाजू वर ठेवून, पुरली आहेत. ती पाणी धरून ठेवतात आणि एक दिवस शिंपणं चुकलं तरी झाड मान टाकत नाही. पाणी संध्याकाळी, बुंध्याशी. पाणी मचूळ असेल तेव्हा पानांवर मुळीच शिंपडायचं नाही, कडा करपतात.

जास्वंदीवर याच सुमारास पांढरा पिठ्या ढेकूण येतो. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की समजायचं. आधी गोड्या पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढायचा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे थेंब घालून ऊन उतरल्यावर फवारायचं. आठवड्याने पुन्हा. फारच माखलेला शेंडा सरळ कापून टाकावा.

वैशाखात गड्याकडून पहारीने खड्डे मारून घेते, हात-दीड हात खोल, आणि ते तसेच तापू देते. रोहिण्या लागल्या की माती, शेणखत आणि नीमपेंड घालून भरायचे. अबोलीची वाळकी कणसंही तेव्हाच काढून डब्यात ठेवते. पहिल्या सरीपर्यंत झाडावर राहिली तर पाणी लागताच बोंडं तटातट फुटतात आणि बी कुठच्या कुठे उडतं. पोरांना वाटीभर पाण्यात एक कणीस टाकून दाखवा, तासभर करमणूक होते.

जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागतो. दोन-चार पाऊस पडून माती आतपर्यंत भिजली की जास्वंदीच्या, कण्हेरीच्या पेन्सिलीएवढ्या काड्या खोचायच्या. तेरड्याचं बी तेव्हाच फोकायचं, तरच तो गौरीला हाताशी येतो. झेंडूची मात्र घाई नको. दसरा दरवर्षी मागेपुढे होतो, म्हणून कालनिर्णयात बघून अडीच महिने आधी बी टाकायचं, तेही उंच वरंब्यावर, नाहीतर मुळं कुजतात. अनंताची गुटी, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं आणायचं कलम, भर पावसात बांधायची: फांदीची बोटाच्या पेराएवढी साल गोल काढायची, भोवती ओलं शेवाळ, वर प्लास्टिक घट्ट. मुळं प्लास्टिकमधून दिसायला लागेपर्यंत हात लावायचा नाही. यंदाचं एक कलम काकीने आत्ताच मागून ठेवलंय.