आमची वाटचाल : दोन प्लेटची कढई

मी मूळचा वसईचा. आमच्याकडे बीफ म्हणजे रविवारी चर्चमध्ये मिस्सा करून आलं की मसाल्यात बटाटे घालून तासभर शिजवायचं, आणि चायनीज म्हणजे स्टेशनबाहेरच्या गाडीवरचं लालभडक शेजवान. एवढंच ज्ञान घेऊन मेलबर्नला आलो आणि तिथल्याच बॉक्स हिल भागात एका कँटोनीज, म्हणजे दक्षिण चिनी, किचनमध्ये भांडी घासायला लागलो. तिथल्या म्हाताऱ्या कुकने, त्यांना सगळे अंकलच म्हणायचे, पहिल्यांदा बीफ चाउ फन खायला दिलं. तांदळाचे रुंद नूडल्स, मुगाचे लांब मोड, कांद्याची पात, काळा सोया, बस्स. मसाला कुठंय विचारलं तर त्यांनी नुसता कढईखालचा जाळ दाखवला. त्या धुरकट वासाला ते वोक हे म्हणतात, आपलं 'हे' नाही, कढईचा श्वास अशा अर्थाचं हे.

२०१९ ला मी आणि बायकोने सहा खुर्च्यांचं दुकान टाकलं आणि पहिले दोन महिने नुसती बोंब. गर्दी झाली की मी घाईत एकदम सहा प्लेटचं बीफ कढईत टाकायचो, कढई गार पडायची, मांसाला पाणी सुटायचं आणि परतायच्या ऐवजी ते उकडायचं, नूडल्सचा तर लगदाच. एका बाईंनी पार्सल परत आणून काउंटरवर ठेवलं, बोलल्या काही नाहीत, तेच जास्त लागलं. शेवटी अंकल एक संध्याकाळ मागे येऊन उभे राहिले, म्हणाले एका वेळी दोन प्लेट, वर एक तुकडा नाही.

मांसाचं पण तसंच. अंडरकट, म्हणजे सगळ्यात मऊ भाग, परवडत नाही, फ्लँक, म्हणजे पोटाकडचं मांस घेतो, अर्धवट गोठवून रेषांना आडवं पातळ कापायचं, किलोला जेमतेम चमचाभर खायचा सोडा आणि थोडं पाणी चोळून अर्धा तास, मग सोया, कॉर्नफ्लोअर, तेल. सोडा जास्त झाला की साबणासारखं लागतं हे आम्ही गिऱ्हाइकांवरच शिकलो, माफी असावी. दीड मिनिटात बीफ होतं हे आईला अजून पटत नाही. नूडल्स फ्रीजमध्ये ठेवले की कडक होऊन तुटतात म्हणून रोज ताजे आणतो आणि एकेक पदर हाताने सोडवतो. फ्राइड राइसचा भात मात्र उलटा, आदल्या दिवशीचा गारच पाहिजे.

२०२० च्या ऑगस्टमध्ये इथलं लॉकडाऊन फारच कडक झालं, रात्री आठनंतर कर्फ्यू, पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, म्हणजे सगळा धंदा पार्सलवर. पण चाउ फन डब्यात जरा वेळ राहिला की गोळा होतो, मग तो मेनूतून काढला आणि ब्रोकोली बीफ नि भात, सॉस वेगळ्या डबीत, एवढ्यावर भाडं निघालं कसंबसं.

आता दुसरी कढई आहे, ती बायको बघते, माझ्यापेक्षा हात सफाईदार आहे तिचा. म्हणजे एका वेळी चार प्लेट, शुक्रवारी रांग दाराबाहेर गेली तरी चारच. तिसरी घ्यायची तर धूर बाहेर ओढणारा एक्झॉस्ट मोठा लागतो, त्याचं कोटेशन आलंय, ते तिने फ्रीजवर मॅग्नेटने लावून ठेवलंय, रोज आकडा बघतो आणि बीफ कापायला घेतो.